मास्तर पाण्यात उतरला

औषधांचं खोकं कवेत घेऊन ती दुकानात शिरत होती आणि तो हातात चिठ्ठी धरून, आत जावं की परत फिरावं अशा विचारात दारातच उभा होता. टक्कर झालीच! खोकं त्याने अलगद झेललं, टेबलावर ठेवलं आणि दम खात उभा राहिला.

सगळे त्याला मास्तर म्हणत. निम्म्या वस्तीला त्यानेच पोहायला शिकवलं होतं. सदतिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, त्यातून तो वाचला. पण तलावाकडे फिरकला नव्हता.

ती मावशीच्या या औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. चिठ्ठीवरची तारीख पाहून ती थबकली. आधी नेलेल्या गोळ्या पंधरा दिवसांपूर्वीच संपायला हव्या होत्या.

"मध्ये घेतल्या नाहीत?" तिने हळूच विचारलं.

विसरलो, असं सांगून त्याला सुटता आलं असतं. तो म्हणाला, "रोज सकाळी वाटतं... घेऊन तरी काय करायचंय?"

इतकं खरं त्या काउंटरवर कुणी बोललं नव्हतं. तिने त्याला स्टूल दिलं आणि त्याला विचारूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. झटक्यानंतर मन असं खचणं पुष्कळांच्या वाट्याला येतं, डॉक्टर म्हणाले. तोही आजारच, त्यावरही उपचार आहेत, आजच पाठवा.

"छातीत दुखतं हे सांगता येतं," निघताना मास्तर म्हणाला. "हे सांगायची लाज वाटते."

"मला सांगितलंत की."

तो हसला — ओझरतंच.

मग तो रोज चालत दुकानापर्यंत येऊ लागला. कधी खुशीत, कधी 'आज उठवतच नव्हतं' म्हणत, पण यायचा. त्याचं ते येणं पाहून तिचा ऊर भरून यायचा. रोज कसली औषधं लागतात याला, असं मावशीने विचारलं, तेव्हा ती पुसलेलंच कपाट पुन्हा पुसत बसली.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी पोहायची परवानगी दिली. त्याने तिला तलावावर बोलावलं. पायरीवर त्याचा हात कठड्याला घट्ट चिकटला... मग सुटला. एक फेरी, अगदी सावकाश. तो निथळत वर आला.

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "पण वाईट दिवस अजून येतात. आधीच सांगून ठेवतो."

तिने टॉवेल पुढे केला. "आले की मला सांग."

'सांगा'चं 'सांग' कधी झालं, तिलाही कळलं नाही. कान तापले; पण शब्द तिने मागे घेतला नाही.

टॉवेलात तोंड लपवत तो हसला.

"सांगेन," तो म्हणाला. "तुलाच."