दिशाचं कॉलेज

घोडबंदर रोडवर बस अडकली होती आणि दिशा फोनवर काकाशी वाद घालत होती.

"ठाण्यातलं लॉ कॉलेज चांगलंच आहे रे काका, मी कुठे नाही म्हणतेय? पण नागपूरला नॅशनल लॉ कॉलेजात नंबर लागत असेल तर... अरे, मुलींचं हॉस्टेल वेगळं असतं. आत्याला सांग ना जरा."

पुढच्या सीटवरचा मुलगा मागे वळला. दाट भुवया, मांडीवर कायद्याचं जाडजूड पुस्तक.

"सॉरी, मला ऐकायचं नव्हतं. पण त्या ठाण्याच्या कॉलेजात मी चौथ्या वर्षाला आहे. काही विचारायचं असेल तर..."

"तुम्ही नेहमी दुसऱ्यांचे फोन ऐकता?"

"नाही. बस चालू असली की ऐकू येत नाही."

दिशाला हसू फुटलं. काळुरामकाकाने ते फोनवरून अचूक टिपलं. कोण आहे म्हणून विचारलं आणि लॉचा विद्यार्थी आहे म्हटल्यावर म्हणाला, "दे त्याला फोन." बस पुढे सरकायच्या आत डोंबिवलीच्या ऋतुराजला कोलशेतला त्यांच्या घरी जेवायचं आमंत्रण मिळालंसुद्धा.

दिशाच्या घरी कुठलीच गोष्ट एकट्याने ठरत नसे. आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं काकाने, आवडाआत्याने आणि भांडुपच्या गुणाजीमामाने. गावची मिठागरं गेली, तिथे टॉवर आले, पण ओटीवर बसून सगळ्यांनी मिळून ठरवायची रीत काही गेली नाही. काकाला पोर रोज संध्याकाळी घरात दिसायला हवी होती. शिक्षण म्हटलं की मामाला पुण्याखेरीज दुसरं शहर सुचत नसे. आत्या काहीच बोलत नसे... हॉस्टेलचा विषय निघाला, की उठून आत जाई.

ऋतुराज त्या रविवारी आला, सगळ्यांच्या शंकांना शांतपणे उत्तरं देत कोळंबीचं कालवण जेवला, आणि मग येतच राहिला. कधी दिशासाठी जुनी पुस्तकं घेऊन, कधी काकाला कसलासा कागद समजावून द्यायला. परत निघाला की दिशा त्याला स्टॉपपर्यंत सोडायला जाई. खाडीवरून खारट वारा यायचा. पाऊस भुरभुरत असला तर दोघांत एकच छत्री – आणि त्याचा डावा खांदा दरवेळी भिजलेला.

"तू आमच्या कॉलेजात आलीस, तर कँटीनचा चहा माझ्याकडून," तो एकदा म्हणाला.

"फक्त चहा?"

"वडापावचा विचार करावा लागेल. सीनियर आहे मी, पटकन हो म्हणालो तर मान राहणार नाही."

"आणि मी आलेच नाही तर?"

तो नुसता हसला. पण त्या दिवसापासून दिशाने घरात नागपूरचं नाव काढणं बंद केलं.

नेमका तेव्हाच नागपूरचा नंबर लागला. ओटीवर सगळे जमले. काकाने ऋतुराजलाही बोलावून घेतलं.

"तूच सांग बाबा," काका म्हणाला. "तुझ्या कॉलेजात घालू ना पोरीला?"

दिशाने त्याच्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हणाला, की झालं. रोज दिसेल तो. तिची हरकत नव्हती... मुळीच नव्हती.

ऋतुराजने हातातला पेला खाली ठेवला. "काका, माझं कॉलेज चांगलं आहे. सकाळी वकिलांकडे काम करून शिकायचं, तर मला तेच सोयीचं. पण दिशाला तसं अडलेलं नाही. नागपूरला देशभरातली मुलं येतील, ती त्यांच्याशी भांडेल, वाद घालेल, शिकेल. तिने जावं."

दिशाला रडावं की रागवावं, कळेना. तेवढ्यात आत्या दारात येऊन उभी राहिली.

"यो पोर सोताचा सोरून बोलतंय," ती गावच्या बोलीत म्हणाली. "त्याच्या मनात काय हाय, ता मना कवाचा दिसतंय. तरी खरा बोल्ला. काळू, पोरीला जाव दे."

काकाने उपरण्याने तोंड पुसलं. मग मामाकडे वळून एवढंच म्हणाला, "सोडायला मी जाणार."

दिशा आत्याच्या पाया पडायला वाकली, तर आत्याने तिला अर्ध्यातच वर ओढून पोटाशी धरलं. या माणसांनी आपल्यासाठी आपापला हट्ट गिळला, हे दिशाला त्या मिठीत कळलं.

स्टॉपवर तिने ऋतुराजला विचारलं. "मी इथे नकोय तुला?"

"हवी आहेस," ऋतुराज म्हणाला. "इतकी, की मघाशी खोटं बोलायला जीभ शिवशिवत होती. पण उद्या तुला वाटलं असतं ना, की याच्यामुळे राहिले... दिशा, मला तू आवडतेस. उत्तर आत्ता नकोय."

ती काही बोलणार, तोच काका स्कूटर घेऊन हजर. "बस मागे, डोंबिवलीपर्यंत सोडतो तुला. हेल्मेट घाल."

ऋतुराज निमूटपणे मागे बसला. दिशा पुढे झाली. काकासमोरच त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, "दिवाळीला येईन तेव्हा स्टेशनवर घ्यायला तू यायचंस. दर सुट्टीला तूच. जमेल?"

"जमेल," तो कसाबसा म्हणाला.

काका आरसा नीट करण्यात भलताच गुंतला होता. खूप वेळाने त्याने स्कूटर चालू केली.