डाव्या भिंतीतलं दार

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलेली. मावशीने उभ्या आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोललेलं नाही, मग घाबरवायला कशाला बोलेल?

भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही नाही. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर भर बाजार चालू होता.

बाजाराच्या मधोमध ते जुनं थिएटर. बावीस वर्षं बंद. आता ते पुन्हा पहिल्यासारखं करायचं ठरलं होतं. मावशी गिलाव्याची कारागीर. छतावरची पानं-फुलं, कमानींची नक्षी झडली की लोक तिलाच शोधत येतात. हात हलका, जीभ तिखट.

कामावर एक समिती होती आणि समितीला अध्यक्ष. हे साहेब रोज दुपारी येत आणि खाली उभं राहून परांचीवरच्या मावशीला गिलावा कसा करतात ते शिकवत.

"उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले," मावशी म्हणायची, "हा जमिनीवरून उंट हाकतोय."

त्यात साहेब थिएटरचा इतिहास लिहीत होते. या थिएटरात त्यांनी आयुष्यात तीन सिनेमे पाहिलेले. तिन्ही बाल्कनीतून. तिन्ही पासावर.

सोमवारी मावशी पडद्याजवळच्या डाव्या भिंतीवर काम करत होती. गिलावा फुगला होता. तिने थापीच्या दांड्याने ठोकून पाहिलं.

आवाज विटांचा नव्हता...

तिने पोपडा काढला. आत लाकूड. दोन फळ्यांचं दार. वर पुसट अक्षरं : बाहेर. तिने खांदा लावून पाहिला. दार हललं नाही. कडी पलीकडून होती.

तिथे एक म्हातारे डोअरकीपर होते. थिएटर बंद झालं तरी मागच्या खोलीतून हलले नव्हते. मावशीने त्यांना बोलावलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पुढच्या रांगांचं दार आहे, ताई. गल्लीतून फुकटे घुसायचे, म्हणून मालक खेळ सुरू झाला की बाहेरून कडी घालायला लावायचे. तुम्ही पाळण्यात असाल तेव्हा, एका दुपारी धूर झाला. बाल्कनीवाले जिन्याने गेले. खालचे या दाराकडे आले."

"मग?"

"नऊ जण. महिन्याभरात मालकांनी दोन्ही बाजूंनी गिलावा करून घेतला."

"कडी कोण घालायचं, काका?"

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मावशीने पुन्हा विचारलं नाही.

साहेबांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा उलगडला.

"इथे दार दाखवलेलं नाही."

"नकाशात नसेल. भिंतीत आहे."

"बुजवून टाका. तीन आठवड्यांवर उद्घाटन आलंय."

मावशीने बुजवलं. हे ती आजही सांगते, तेव्हा खाली बघते. "त्या माणसाला मी कवडीची किंमत देत नव्हते," ती म्हणते, "आणि ऐकलं मात्र त्याचंच."

मंगळवारी सकाळी ती आली, तर गिलावा जमिनीवर. अख्खा. बरोबर दाराच्या मापाचा...

तिने पुन्हा केला. बारा वाजता पुन्हा खाली. चाळीस वर्षांत तिचा गिलावा असा कधी पडला नव्हता. तिसऱ्यांदा तिने जाळी ठोकली आणि थर दाबून बसवला.

साडेतीनला साहेब आले. हातात उद्घाटनाचं भाषण. पडद्यासमोरच्या चौथऱ्यावर चढून सराव सुरू केला.

आता एक लक्षात घ्या. हॉल रिकामा होता. सहाशेच्या सहाशे खुर्च्या महिन्यापूर्वीच उचलून नेल्या होत्या. उघडी फरशी, एक परांची आणि ही दोन माणसं. बस.

"या वास्तूने सर्वांना सारखंच सामावून घेतलं," साहेब वाचत होते. "सत्तर वर्षांत इथे कुणाला साधं खरचटलंही नाही..."

टप्.

मावशीचा हात थांबला.

टप्... टप्...

लहानपणापासून ती त्याच थिएटरात पुढच्या रांगांत बसली होती. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. माणूस उठला की लाकडी खुर्चीची बैठक अशी वर आपटते.

टप् टप् टप्... एकेक रांग उठत होती.

साहेबांनी वाचणं थांबवलं. समोर नुसती फरशी.

मग पावलं. घाई नाही, आरडाओरड नाही. कंटाळवाणा सिनेमा अर्ध्यात सोडून लोक निघतात ना, तशी. कुणीतरी खोकलं. कुणीतरी तोंडाने 'च्यक्' केलं. पावलं परांचीखालून गेली. डाव्या भिंतीकडे.

आणि तिथे थांबली...

किती वेळ कोण जाणे. मावशीने हळूच खाली वाकून पाहिलं.

तिसरा गिलावा फरशीवर पडला होता. जाळीसकट. पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला नव्हता.

साहेबांचे कागद चौथऱ्यावर विखुरले होते. साहेब बाजाराकडच्या मुख्य दारापर्यंत पोचले होते, तेही मागे न बघता.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कबुतरं असतील."

"असतील," मावशी म्हणाली आणि आपली हत्यारं गोळा केली. काम अर्धवट सोडायची तिची ती पहिलीच वेळ.

पुढे साहेबांनी त्या दारावर मखमली पडदा टाकला. उद्घाटन झालं. भाषणही झालं, तेच, एक शब्द न वगळता. टाळ्या पडल्या म्हणे. लाज विकायला काढलेल्या माणसाला काय धाड भरते?

मावशीला दोन पास आले होते, बाल्कनीचे. तिने फाडून टाकले.

मी तिला एकदा विचारलं, नक्की भीती कशाची वाटली? आवाजाची?

"आवाजाची नाही रे," ती म्हणाली. "ते सगळे भिंतीपाशी गेले, ते मी कानांनी ऐकलं. परत फिरलेले नाही ऐकले."

मग उठता उठता म्हणाली,

"आणि कडी अजून बाहेरूनच आहे."