लेटी डोनची वही

सोमवारी सकाळी ऑर्विल टॅन्स्ली ओहायोतल्या त्या गावात गाडीतून उतरला, तेव्हा त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. दर सोमवारी नवं गाव, नवं थिएटर, दिवसाला तीन खेळ आणि विनोद मात्र तेच. मार्चपर्यंत निदान जोडीला लेटी होती, बायकोही तीच आणि रंगमंचावरची जोडीदारही तीच. मार्चमध्ये न्यूमोनियाने ती गेली. जाहिरातीत अजूनही 'टॅन्स्ली आणि डोन' असंच छापून येई, कारण एकट्या म्हाताऱ्या विनोदवीराला कुत्रं विचारत नाही. म्हणून प्रत्येक गावात तो एकच थाप मारायचा, बाईला आज बरं नाही, उद्या येईल. थाप उघडी पडली की धंदा कायमचा बसला, हे तो जाणून होता.

प्रेक्षागृह रिकामं होतं. रंगमंचावर एकच दिवा जळत होता. तालमीचा नियम सगळीकडे सारखा, ज्याची स्वरांची वही रंगमंचाच्या कडेला आधी ठेवलेली, त्याच्यासाठी बँड आधी वाजणार. सहा-सात वह्या मांडलेल्या होत्या. ऑर्विलने आपली शेवटी ठेवली.

"ती कशाला आणखी?" रंगमंचाखालच्या वादकांच्या जागेतून बँडमास्तर केस्लर म्हणाला. "तुमची तर पहिलीच आहे. बाई आठलाच ठेवून गेल्या."

"कोण बाई?"

"आता स्वतःची बायको विसरलात? कमाल आहे बुवा! स्वभावाने गोड आहेत हो. हात मात्र फार गार..."

ऑर्विल वाकला. पुठ्ठ्यावर लेटीचं तिरपं अक्षर होतं. त्यांच्याकडे अशा दोन वह्या होत्या, आणि ही दुसरी त्याने स्वतःच्या हाताने तिच्या शवपेटीत ठेवली होती. पानांना ओल्या मातीचा वास येत होता. बाई आजारी आहे हे वाक्य त्याने तसंच गिळलं.

दुपारच्या खेळाला तो रंगमंचावरच्या बाकावर एकटाच बसला. त्याने पहिलं वाक्य टाकलं. आता लेटीचं उत्तरही त्यालाच द्यायचं होतं, पण तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक खो खो हसले. पुढच्या वाक्यालाही तेच. हशा नेमका तिच्या उत्तराच्या जागी येत होता. शेजारी फळी करकरली. त्याने मान वळवली नाही. भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटत होतं. किती महिन्यांनी त्याला दोघांचं ओझं एकट्याने ओढावं लागत नव्हतं. नंतर नंतर तर तो आपलीही वाक्यं विसरू लागला.

पडद्यामागे मॅनेजर क्रेब्ज पाकीट घेऊन उभा होता. पाकिटात काय असणार हे ऑर्विलने ओळखलं. थिएटरबाहेर लावलेले आपले फोटो पहिल्या खेळानंतर परत मिळाले, की समजायचं गच्छंती झाली.

"टॅन्स्ली, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्यात आता जीव राहिलेला नाही."

ऑर्विलने पाकीट उघडलं. आत त्याचे तीन फोटो होते.

"आणि... लेटीचे?"

"त्यांचे राहू देत. त्यांना शनिवारपर्यंत ठेवतोय. लोकांनी डोक्यावर घेतलंय त्यांना." क्रेब्जने आवाज खाली आणला. "तुम्हाला मोकळं करा म्हणून त्याच सांगायला आल्या होत्या. म्हणाल्या, मार्चपासून फार दमलाय तो, आता पुरे."

ऑर्विलचे डोळे भरून आले.

"दुसरं काही म्हणाली?"

"हो. शनिवारचा शेवटचा खेळ झाला, की त्या तुम्हाला न्यायला येणार आहेत," क्रेब्ज सहज म्हणाला. "मी विचारलं, कुठे उतरलेत ते? तर म्हणाल्या, कुठेही असला तरी सापडेल."