इरावतीवरच्या अठरा जागा

तो आमच्या दुकानात शिरला तो काही ब्रह्मदेशाला जायला नव्हे, गारा चुकवायला!

१९९६ चा ऑक्टोबर होता. वॉटफर्डमधल्या राजीवच्या ट्रॅव्हल एजन्सीत काउंटरवर मी एकटीच होते. दार धाडकन उघडलं आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरलेला एक उंच मुलगा आत घुसला. चष्म्यावर पाणी, केसांत चार-दोन गारा अजून तशाच... मला हसू आवरेना.

"सॉरी. जस्ट टू मिनिट्स," तो म्हणाला. नुसतं कसं उभं राहायचं, म्हणून त्यानं समोरचं ब्रोशर उचललं आणि एकदम थबकला. मग माझ्या बॅजवरचं 'सुनीती परांजपे' वाचून चक्क मराठीत म्हणाला, "हे पगान? इथे जाता येतं? माझा आई वेडा होईल!"

"माझी आई. वेडी होईल."

"ओके. माझी आई वेडी होईल."

"का पण?"

"मी बॉर्न झालो तेव्हापासून ऐकतोय, पगान, पगान. बाबासाहेब ब्रह्मदेशात गेले होते, तर मरायच्या आधी एकदा तिथल्या पगोड्यांत बसायचं, असं तिचं आहे."

त्याचं नाव उदय वानखेडे. जन्म वॉटफर्डचाच, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. आई सत्तर साली नागपूरकडून आलेली. मी त्याला नकाशा उघडून दाखवला. मंडालेला बोटीत बसायचं, इरावतीतून पाच दिवस सावकाश खाली यायचं, वाटेत कुंभारांची गावं, शेंगदाण्याची शेतं, बैलगाड्या... आणि शेवटी सकाळच्या धुक्यातून वर आलेले पगानचे शेकडो पगोडे. ती सहल आमच्याकडे नवीनच आली होती. मीही ते सगळं फक्त वाचलेलं होतं. पण सांगताना माझा आवाज का कोण जाणे, हळू झाला.

गारा थांबून अर्धा तास झाला, तरी तो गेला नाही.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. कधी मच्छरदाणी असते का विचारायला, कधी साधं वरण मिळेल का विचारायला. एका आठवड्यात आईबरोबर विहारातली चार माणसं तयार झाली, पुढच्या आठवड्यात अकरा, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत अठरा! पुढच्या फेब्रुवारीतली बोट ठरली. राजीव खूश होऊन म्हणाला, "एवढा ग्रुप आहे, तर सुनीती, तूच एस्कॉर्ट म्हणून त्यांच्याबरोबर जा."

हे उदयला सांगितलं तेव्हा तो बोटीच्या आराखड्यावर वाकून केबिन बघत होता. त्याचं बोट कागदावर माझ्या बोटापाशी येऊन थांबलं... आणि तिथेच राहिलं.

"तू येणार? पाच दिवस?"

"अठरा जणांमागे एक एस्कॉर्ट असतो. सतरा असते तर नसते आले."

"मग मी दोन तिकिटं घेतली असती. दोन सीट्सवर बसलो असतो."

तो वर बघेना, मीही बघेना. माझे कान मात्र तापले होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी ब्रोशरं घेऊन त्यांच्या विहारात गेले. विहार म्हणजे रविवारपुरता भाड्यानं घेतलेला शाळेचा हॉल. उदयच्या आई, द्रौपदीबाई, पांढरी साडी, वर लोकरी कार्डिगन आणि पायात ट्रेनर्स घालून पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"तूच का वं ती? ह्या पोराच्या तोंडी गुरुवारशिवाय दुसरा वारच नाही," त्या म्हणाल्या. उदयनं घाईघाईनं खुर्च्या सरळ करायला घेतल्या.

वंदना झाल्यावर मी ब्रोशरं वाटली. कव्हरवरचा फोटो मला सगळ्यात आवडायचा. दोन विटकरी पगोडे, मधे मऊ हिरवळ आणि एक डेरेदार चिंच. मी नेहमीसारखी सुरू झाले, "बघा ना, किती शांत! माणसांची गर्दी नाही, कचरा नाही..."

मागच्या रांगेत मा खिन बसली होती. ही उदयच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करणारी ब्रह्मी बाई. चाळिशीची, बुटकी, अगदी हळू बोलणारी. दर रविवारी वंदनेला यायची. ब्रोशर हातात घेऊन ती उठली आणि माझ्याजवळ आली. तिनं फोटोतल्या हिरवळीवर बोट ठेवलं.

"माय किचन," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. मी हसून म्हटलं, "सॉरी?"

"इथे माझं स्वयंपाकघर होतं. इथे दार. इथे माझ्या भावाचं घर." तिचं बोट हिरवळीवरून सरकत होतं. "नव्वद साली सैनिक आले. म्हणाले, गाव उठवा. थोडेच दिवस दिले. नदीच्या खालच्या अंगाला एका उघड्या माळावर नेऊन सोडलं आम्हाला. घरं पाडली... ही चिंच आमची. चिंच ठेवलीय." जरा थांबून ती म्हणाली, "फोटोत छान दिसते."

तीन महिने मी हीच हिरवळ लोकांना विकत होते! किती शांत, किती स्वच्छ... तिथे शांत होतं, कारण तिथली माणसं हाकलून दिली होती.

"तुला माहीत होतं?"

मी दचकून वळले. उदय होता. चेहरा पांढराफटक.

"नाही... खरंच नाही, उदय."

"तुझं काम आहे ना माहीत असणं? यू सेल इट!"

सगळ्यांसमोर. ज्या आवाजात तो दर गुरुवारी माझी चेष्टा करायचा, त्याच आवाजात. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं, आणि जास्त लागलं ते एवढ्यासाठी की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

द्रौपदीबाई फोटोकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची होती. आमची वस्ती अशीच उठवली. मग तिथं बगिचा केला. लोक संध्याकाळी फिराले येत. माही माय रस्त्याच्या त्या बाजूनं उभी राहून बघे, आपली चूल नेमकी कोणत्या झाडाखाली होती ते." त्यांनी ब्रोशर मिटून माझ्या हातात दिलं. "मी नाही जात, पोरी. या बाईच्या सैपाकघरावर पाय देऊन मले बुद्धापाशी नाही जायचं. तो काही पळून नाही जात."

मा खिननं खाली वाकून त्यांचे हात हातात घेतले. मग एकेक करून बाकीच्यांनीही ब्रोशरं मिटून मला परत दिली. मी कोट घेतला आणि बाहेर पडले. पाठीमागून कुणी हाक मारेल असं वाटत होतं... कुणी मारली नाही.

सोमवारी राजीवला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातून पेनच पडलं. "अठराच्या अठरा? कॅन्सल?" तो ओरडत असतानाच मी काचेवरची ब्रह्मदेशाची पोस्टरं उतरवायला लागले.

"हे काय चाललंय?"

"मी हे विकणार नाही, राजीव. बाकी सगळं विकेन. हे नाही."

"पोस्टर परत लाव, नाहीतर घरी जा."

मी घरी गेले. बसमध्ये बसल्यावर माझं मलाच खरं वाटेना. चार वर्षांची नोकरी! आठव्या वर्षी पुण्याहून इथे आल्यापासून शाळेत, ऑफिसात, कुठेच मी कधी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं.

उदयचा फोन आला नाही. मीही केला नाही. जानेवारीत मला वॉटफर्ड जंक्शनच्या तिकीट ऑफिसात काम मिळालं. दुपारची शिफ्ट, जाड काच, समोर माइक. मा खिन दर सोमवारी बहिणीकडे जायला तिकीट घ्यायची. काचेखालून पैशांबरोबर एखादं संत्रं सरकवायची. उदयबद्दल ती काही बोलायची नाही. मी विचारायचे नाही... पण संत्रं सोलताना दर वेळी वाटायचं, विचारायला हवं होतं.

फेब्रुवारीतला एक बुधवार. बाहेर बारीक पाऊस, खिडकीसमोर ही रांग.

"नेक्स्ट, प्लीज," मी मान वर न करता म्हटलं.

"दोन तिकिटं."

"कुठली?"

"माहीत नाही."

मी वर बघितलं. चष्म्यावर पाणी होतं. हात माझे की-बोर्डवर तसेच राहिले.

"मी दुकानात गेलो होतो," उदय म्हणाला. काच जाड, म्हणून तो जवळजवळ ओरडतच होता. "तीन वेळा. राजीव काही सांगेना. परवा मा खिननं सांगितलं तू इथे आहेस. तू जॉब सोडलीस, सुनीती? आणि मी तुला सगळ्यांसमोर..."

"तू खरं तेच बोललास. माझं काम होतं ते."

"खरं बोललो. पण फार वाईट बोललो. तुला माहीत नव्हतं, मलापण नव्हतं. अठरा लोकांना मीच तयार केलेलं ना? मला माझाच राग आलेला आणि मी तो तुला दिला."

रांगेत कुणीतरी खाकरलं.

"उदय, लोक थांबलेत. तिकीट कुठलं देऊ?"

"आज आपण बोटीवर असतो. आजचा थर्ड डे." तो काचेला अगदी चिकटला. "मी ठरवलं होतं, थर्ड डेला, संध्याकाळी डेकवर तुला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"इथे? असं... काचेतून?"

"मग कुठून?" मी म्हटलं, आणि माझा आवाज माइकमधून अख्ख्या हॉलभर घुमला.

त्यानं चष्मा काढला. मग मोठ्यानं, एकेक शब्द नीट जुळवत म्हणाला, "मला तू आवडतेस. लग्न करण्याइतकी. गुरुवारीच नाही, सगळे दिवस."

त्याच्यामागचे एक इंग्रज गृहस्थ सभ्यपणे छताकडे बघत होते. उदय काचेजवळ आणखी वाकला.

"तुझ्या घरी... मी वानखेडे, म्हणून काही..."

"धक्का बसेल," मी म्हटलं. "बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. मग आई त्यांना बोलायला लावेल."

"आणि तू? तू काय म्हणतेस?"

मी तोंड उघडलं... आणि तेवढ्यात रांगेच्या मागून खणखणीत आवाज आला.

"हो म्हण ना वं पोरी! माहे पाय दुखून राह्यले."

उदय असा उडाला की हातातला चष्माच खाली पडला. "आई! तुला बेंचवर बसायला सांगितलं होतं ना!"

"बेंचवरून ऐकू नव्हतं येत," कार्डिगन सावरत द्रौपदीबाई म्हणाल्या.

मी माइक जवळ ओढला.

"हो, मावशी," मी म्हटलं.

"अगं, विचारलं मी होतं!" उदय काचेपलीकडून ओरडला. आणि त्याच्यामागचे गृहस्थ काळजीच्या सुरात मला विचारू लागले, "गाडी रद्द झाली का, मिस?"