जाड पडद्याचं स्थळ

हृदयाच्या इकोच्या खोलीत पुढचा पेशंट शर्ट काढून आडवा झाला आणि तपासणी करणाऱ्या अर्पिताच्या हातातली जेलची बाटली हातातच राहिली. राजूरचा सोमेश्वर... दिवाळीत तिला बघायला आला, दोनदा मागून पोहे खाल्ले आणि चौथ्या दिवशी नकार कळवला. तिच्या नाकापायीच स्थळ गेलं, अशी मग गल्लीभर चर्चा झाली होती.

सूड घ्यायची संधी आयती चालून आली होती. "डाव्या कुशीवर व्हा," ती कोरडेपणानं म्हणाली आणि थंडगार जेल छातीवर जरा जास्तच ओतलं. तो शहारला, पण हसला. मेल्याचं हसू अजून तसंच गोड होतं.

मग स्क्रीनवर त्याचं हृदय आलं आणि तिचा राग जागच्या जागी विरला. हृदयाचा मधला पडदा चांगलाच जाड झाला होता, रक्ताची वाट अडवून बसला होता.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं ना. त्या दिवशी विचारलं न्हाई का, हृदय जाड झालेल्यानं लग्न करावं का म्हणून? तुम्हीच म्हणल्या, आधी इलाज, मंग लग्न. म्हणून नकार कळवला."

नवरदेव आपली परीक्षा घेतोय असं वाटून तिनं तेव्हा थाटात उत्तर दिलं होतं. स्वतःचं स्थळ स्वतःच मोडलं होतं की...

आठवड्यानं इलाज ठरला. मांडीतून नळी घालायची आणि पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिनीत अल्कोहोल सोडायचं, म्हणजे तेवढा जाड भाग मरतो. वाहिनी चुकली तर चांगला भाग जातो. म्हणून आधी तिथं वेगळं औषध सोडून इकोवर कुठं उजळतं ते बघतात. नळी डॉक्टरांच्या हातात होती, छातीवर धरायचा इकोचा प्रोब अर्पिताच्या.

औषध गेलं. उजळली भलतीच जागा.

"थांबा सर," ती प्रोब तसाच धरून म्हणाली. "ही न्हाई."

"नक्की?"

"बिलकुल."

डॉक्टरांनी दुसरी वाहिनी धरली. या वेळी बरोबर जाड पडदाच उजळला. अल्कोहोल आत गेलं तसा सोमेश्वर कण्हला आणि तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा इको. जेल तिनं आधी तळहातावर धरून कोमट केलं. रक्त मोकळं वाहत होतं.

"इलाज झाला," तो हळूच म्हणाला. "मंग...?"

"घरी गेल्यावर बरे व्हा, अन् पोहे खायला या," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "पण या बारीला चौथ्या दिवसाची वाट बघणार न्हाई मी. पोहे खाता खाताच सांगायचं."

"खायच्या आधी सांगितलं तर?"

"काय?"

"हो."