शून्य खर्चाचं वजन

फुकटात होणारं काम सगळ्यात महाग कसं पडतं? हे कोडं कांबेरी गावाला पडलं, तेही भर ग्रामसभेत.

गावचं तळं शेवाळाने हिरवंगार झालं होतं. वास सुटला. म्हशींनी तोंड फिरवलं, आणि म्हशींच्या मताला गावात मान होता. म्हणून ग्रामसभेने तोलाजी नावाचा यंत्रमानव बोलावला.

अकरा वर्षांची कस्तुरी अगदी पुढे बसली होती. तिला याच तळ्यात पोहायला शिकायचं होतं.

तोलाजी म्हणाला, "कपड्यांच्या साबणातून फॉस्फेट (शेवाळाचा लाडका खाऊ) पाण्यात जातं. उपाय दोन. तळ्याबाहेर धुण्याचा ओटा बांधा, तिथे नळाने पाणी आणा, सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा. कर्दळ तो खाऊ शोषून घेते. खर्च दोन लाख. नाहीतर घाटावर धुणंच बंद करा. खर्च शून्य."

"शून्य!" सरपंच दामूअण्णा खुलले. "यंत्र असून काटकसरी आहे हो!"

भराभर हात वर झाले. सगळे पुरुषांचे. बायका त्या वेळी घाटावर धुणं धूत होत्या.

कस्तुरीनेही हात उचलला, आणि अर्ध्यावर थांबवला. "तोलाजीकाका, मग आई धुणार कुठे?"

"घरी."

"घरचा नळ प्यायपुरताच येतो."

"तळ्यावरून हंडे आणावे लागतील. रोज दोन तास."

"ते शून्यात धरलेत?"

तोलाजीचे दिवे लुकलुकले. "तो रकाना मला कुणी दिलाच नाही."

"मग आता घाला की!"

"चाळीस घरं, रोज दोन तास. वर्षाचे एकोणतीस हजार दोनशे तास. म्हणजे दहा माणसांनी वर्षभर रोज आठ तास राबायचं, सुट्टी न घेता."

"पण बायका त्याचे पैसे कुठे मागतात?" दामूअण्णा म्हणाले.

"म्हणूनच मला शून्य दिसलं. खर्च-लाभ तोलणं (कुणाला काय सोसावं लागतं आणि कुणाला काय मिळतं, हे दोन पारड्यांत घालणं) म्हणजे नुसते पैसे मोजणं नव्हे. ओट्यालाही कष्ट आहेत. वाफ्यातला गाळ दर सहा महिन्यांनी काढावा लागेल."

"कोण काढणार?" कस्तुरीने विचारलं.

वर गेलेले हात भराभर खाली आले.

कस्तुरी घाटाकडे धावली आणि पिळे खांद्यावर टाकलेल्या बायकांना घेऊनच परतली. ओटा मंजूर झाला. गाळ काढायला माणसंही ठरली: मघाशी हात वर केलेली.

"पाणी निवळायला दोन पावसाळे जातील," तोलाजीने बजावलं.

"तेव्हा मी तेरा वर्षांची असेन," कस्तुरी म्हणाली. "थांबते."

"मीही शिकेन म्हणते," तिची आई पुढे झाली. "का रे तोलाजी, साडी नेसून पोहता येतं?"

"माहिती अपुरी," तोलाजी गंभीरपणे म्हणाला. "प्रयोग करावा लागेल."