गिअर ‘पी’वर होता

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मी शपथा घेत बसणार नाही. बुंगाट आजही कुबड्यांवर चालतो, आणि का चालतो ते त्या दिवशी धावपट्टीवर असलेल्या कुणालाही विचारा.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. भर दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, आणि विमानं यायची बंद झालेल्या त्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यतीचा सराव चालू होता.

हे घडलं माझ्या मावशीच्या डोळ्यांसमोर. मावशीला थापा मारता येत नाहीत. कुणाकडे जेवायला गेली आणि भाजी खारट लागली, तर तोंडावर सांगणारी बाई ती.

मावशी आणि मामा, दोघं बहीण-भाऊ मिळून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायचे. तेही शर्यतीच्या गाड्यांचे. लोक हसायचे. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी, तिची कसली शर्यत?

मामा चिडायचा नाही. हातातलं काम न सोडता समजावायचा.

"इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे दोन पंखे असतात, समोरासमोर. मधे तेल. एक फिरला की तेल दुसऱ्याला ढकलतं. म्हणून बटण दाबून गाडी जागेवर जखडून ठेवून इंजिन हवं तेवढं चढवता येतं. हिरवा दिवा लागला, बटण सोडलं, की सुटली. तुझा पाय क्लचवरून उठेपर्यंत ही दिसेनाशी होते."

एका बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही. गाडी ‘पी’ म्हणजे पार्क किंवा ‘एन’ म्हणजे न्यूट्रलवर असेल तरच चालू झाली पाहिजे. गिअर पडलेला असताना सेल्फ फिरताच कामा नये. त्यासाठी गिअरबॉक्सवर एक बारकं स्विच असतं. ते तपासल्याशिवाय मामानं एकही गाडी दाराबाहेर सोडली नाही.

आणि नेमका त्यातच मामा गेला.

तो वर्कशॉपमध्ये, शर्यतीतल्या एका गिऱ्हाइकाच्या, बुंगाटच्या, लाल गाडीसमोर बॉनेटमध्ये वाकून उभा होता. पाठीमागे भिंत. बुंगाट आत बसलेला. मामा म्हणाला, "मार सेल्फ."

गिअर ‘डी’वर, म्हणजे पडलेला होता.

गाडी चालू व्हायलाच नको होती... ती चालू झाली. आणि उडी मारून पुढे आली.

बुंगाटनं सगळ्यांना सांगितलं, स्विचची वायर मामानंच थेट जोडून स्विच निकामी करून टाकलं होतं. घाईत होता, म्हणाला. तपासाला आलेल्यांनी ते लिहून घेतलं आणि गेले. मग गिऱ्हाइकंही गेली. ज्याला स्वतःचा जीव सांभाळता आला नाही, त्याच्या हातची गाडी कोण पळवणार?

मावशी एकटीच वर्कशॉप उघडायची आणि झाडून बंद करायची. भाऊ तर गेलाच होता. त्याचं नावही मातीत गेलं, हे तिला गिळवत नव्हतं.

मग एक दिवस तीच लाल गाडी दारात आली.

"ताई, गिअर घसरतोय," बुंगाट म्हणाला. "तीन ठिकाणी दाखवला. सगळे म्हणतात, ज्यानं बनवला त्यालाच कळेल. आता तो नाही, तर तुम्हीच बघा."

बोलताना नजर वर केली नाही त्यानं.

मावशीनं गाडी घेतली. का घेतली, तिलाही सांगता येत नाही.

तिनं खालून बघितलं. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली होती. मावशी कितीतरी वेळ तिथेच पडून राहिली. मामा वायर कधी पिळायचा नाही. डाख द्यायचा, मगच हात काढायचा. हे काम त्याचं नव्हतं.

संध्याकाळी तिनं बुंगाटला विचारलं, "वायर कुणी जोडली?"

"सांगितलं ना, ताई. तुमच्या भावानं. आता मेलेल्या माणसाला कुठं विचारत बसता?"

मावशी म्हणते, त्या क्षणी तिच्या डोक्यात जे आलं ते तिनं आयुष्यात कधी कुणाबद्दल चिंतलं नव्हतं.

तरी काम तिनं चोख केलं. नवं स्विच बसवलं. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या नव्या प्लेटा तेलात भिजत घातल्या आणि डबा खायला दारात बसली.

परत आली तर... तेलाचा ट्रे रिकामा होता.

प्लेटा गिअरबॉक्समध्ये बसलेल्या होत्या. एक लोखंडी, एक अस्तराची, ओळीनं. मोजमाप घेतलं. केसाचाही फरक नव्हता.

वर्कशॉपला दार एकच. त्या दारातच ती जेवत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर उचलून, चाकं हवेत ठेवून तिनं इंजिन चालू केलं. अशी चाचणी घेताना मामा खाली पडून गिअरबॉक्सला तळवा लावायचा. त्यानं खालून एकदा ठोकलं की मावशीनं गिअर टाकायचा. दोनदा ठोकलं की काढायचा. आता खाली कुणी नव्हतं.

टक.

हात सवयीनं पुढे गेला. तिनं गिअर टाकला. चाकं फिरायला लागली.

मग तिच्या लक्षात आलं, ठोकायला खाली कुणी नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. दोन ठोक्यांची वाट बघत...

ते आलेच नाहीत.

रविवारी बुंगाटनं तिला धावपट्टीवर बोलावलं. पहिल्या धावेला बनवणारा हजर लागतो. मावशी सिमेंटच्या भिंतीपाशी सावलीत उभी राहिली. लाल गाडी सुरुवातीच्या रेषेवर आली. इंजिन चढलं, कानठळ्या बसल्या. हिरवा दिवा लागला...

गाडी हललीच नाही.

इंजिन नुसतं ओरडत राहिलं. शेवटी बुंगाटनं ते बंद केलं, गिअर ‘पी’वर टाकला, किल्ली काढली आणि तावातावानं चालत मावशीकडे आला.

"काय बसवलंय हे? सगळ्यांसमोर हसं केलंत माझं."

मावशी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

गाडी येत होती.

आवाज नाही. आत कुणी नाही. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की मुंगीच्या पावलानं पुढे रांगते ना, तशी रांगत येत होती. पण रांगायला इंजिन चालू लागतं. आणि किल्ली बुंगाटच्या मुठीत होती.

मावशी ओरडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "वायर कुणी जोडली?"

"पुन्हा तेच? तुमच्या भावानं!"

बंपर त्याच्या पोटऱ्यांना टेकला.

तो दचकून वळला. उतार असेल समजून त्यानं दोन्ही हातांनी गाडी रेटली. गाडी त्याला रेटत राहिली. एकेक पाऊल मागे... मावशी बाजूला सरकली, त्याची पाठ भिंतीला लागली. गुडघे बंपर आणि भिंतीच्या मधे.

लोक धावत आले. सहा-सात जणांनी जोर लावला. गाडी तसूभर मागे सरकेना.

"मी जोडली," बुंगाट रडायला लागला. "एकदा रेषेवर गिअर पडलेला राहिला, गाडी चालू झाली नाही, सगळे हसले, म्हणून मी जोडली. त्याला माहीतच नव्हतं. खरंच सांगतो, त्याला माहीत नव्हतं."

सगळ्यांनी ऐकलं.

मावशीनं दार उघडून आत बघितलं. गिअर ‘पी’वरच होता. ‘पी’वर गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खुंटी अडकते. गाडी हलूच शकत नाही.

"दादा," ती पुटपुटली. "बोलला तो. झालं आता. बास."

गाडी अजून पुढे सरकली.

बुंगाटच्या गुडघ्यांचा आवाज तिनं ऐकला. मगच गाडी थांबली. आपोआप.

मामाचं नाव धुऊन निघालं. आज वर्कशॉपमध्ये गाड्या उभ्या करायला जागा नसते. लोक म्हणतात, भावानं सूड घेतला.

 मावशीनं मात्र मला एकदा सांगितलं.

"दादानं उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. तो खरं वदवून घेऊन थांबला असता. मी तोंडानं ‘बास’ म्हटलं... पण मनात ‘अजून’ होतं. मग ती गाडी ऐकत कुणाचं होती?"

मागच्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये तिचा महागाचा पाना हरवला. मावशी माझ्यावर भडकली.  आणि बोलता बोलता माझ्या मागे बघायला लागली.

"तिथून बाजूला हो," ती हळूच म्हणाली. "आधी बाजूला हो."

मागे एक गाडी उभी होती. इंजिन काढलेली.

मी बाजूला झालो.